गल्लीची वट आणि बाजाराची सनद

नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून विभक्त होऊन १ जुलै १९९८ रोजी स्वतंत्र झाला, तरी सातपुड्यातील कित्येक पाड्यांवर शासनाचा रस्ता अद्याप पुरता पोहोचलेला नाही. कुर्ल्याच्या आणि पुण्यातील ताडीवाला रोडच्या गल्ल्यांतून निघालेले रॅप मात्र त्या पाड्यांवरील तरुणांच्या कानांत केव्हाच जाऊन बसले आहे. शहाद्याच्या बसस्थानकावर, तळोद्याच्या वसतिगृहात अथवा नवापूरच्या रेल्वे फलाटावर एका मोबाइलभोवती जमलेल्या मुलांत जो वाद हटकून रंगतो, तो सुराचा किंवा तालाचा नसतो. तो गायकाच्या खरेपणाचा असतो. ज्याच्या गाण्यात उपाशी रात्री, पोलिसांचा ससेमिरा आणि खोलीच्या भिंतींची ओल येते, तोच गायक दूरचित्रवाणीवर हिऱ्यांचा हार घालून बसलेला दिसला, म्हणजे एक पक्ष म्हणतो की हा कधी गल्लीतला नव्हताच, आणि दुसरा पक्ष तावातावाने सांगतो की गल्लीत त्याची वट होती म्हणूनच तो इथवर आला. वाद पोरांचा असला तरी प्रश्न पोरकट नाही. दुःखाचा बाजार मांडून धनवान झालेल्या माणसाचे ते दुःख कधीकाळी खरे होते काय, हा प्रश्न कलेइतकाच जुना आहे, आणि महाराष्ट्राला तर तो शाहिरांच्या काळापासून परिचित आहे.

रॅपशी ज्यांचा परिचय नाही अशा वाचकांसाठी थोडा तपशील देणे उचित ठरेल. तालाच्या ठोक्यावर यमक-अनुप्रासांनी गुंफलेली वाक्ये बोलण्याच्या वेगाने म्हणत जाणे, हे या प्रकाराचे बाह्य रूप. आणि जो म्हणतो त्यानेच ती लिहिलेली असावीत, ही त्याची अंतर्गत शिस्त. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स विभागात, सेजविक मार्गावरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, जमैकाहून आलेल्या कुटुंबातील क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ कूल हर्क या तरुणाने आपल्या बहिणीने योजलेल्या मेजवानीत तबकड्या वाजविल्या, तो दिवस हिपहॉप या संस्कृतीचा जन्मदिवस मानला जातो, आणि रॅप हे त्या संस्कृतीचे वाङ्मयीन अंग होय. त्या मेजवानीचा हेतू शाळेच्या नव्या सत्रासाठी बहिणीला कपडे घेता यावेत एवढाच होता, आणि प्रवेशासाठी मुलींना २५ व मुलांना ५० सेंट असा आकार ठेवला होता. तेव्हा गल्ली मुळात निर्मळ होती आणि बाजाराने मागाहून येऊन ती विटाळली, हा जो सार्वत्रिक समज, तो पहिल्याच रात्रीच्या जमाखर्चाने खोटा ठरतो.

लताबाईंनी विरहगीत गायिले तेव्हा त्यांना स्वतःला विरह झाला होता काय, असे कोणी विचारले नाही. कारण शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची आणि कंठ तिसऱ्याचा, हा संकेत श्रोत्यांनी मान्य केलेला होता. रॅपने हा संकेत मोडला. त्यातील ‘मी’ हा नाटकातील पात्राचा ‘मी’ नव्हे, तो पिंजऱ्यात उभ्या असलेल्या साक्षीदाराचा ‘मी’ असतो. आणि साक्षीदार म्हटला की उलटतपासणी आलीच. ही उलटतपासणी तीन प्रश्नांची असते, आणि ते तीन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळेच बहुतेक वाद निष्फळ होतात. तो त्या वस्तीत वाढला काय, हा पहिला. जे तो आपले म्हणून सांगतो ते त्याने भोगले किंवा निदान जवळून पाहिले काय, हा दुसरा. आणि त्याच्या बोलण्याला ती वस्ती आजही जामीन राहील काय, हा तिसरा. पहिले दोन प्रश्न भूतकाळाचे आहेत, आणि त्यांचे उत्तर एकदा मिळाले की पुढे आलेल्या पैशाने ते बदलत नाही. तिसरा प्रश्न मात्र रोज नव्याने उभा राहतो, आणि यश पदरात पडल्यानंतरच त्याला खरी धार येते.

अमेरिकेत या तपासणीचे जे दाखले घडले ते उद्बोधक आहेत. व्हॅनिला आइस या गोऱ्या गायकाचे ‘आइस आइस बेबी’ हे १९९० साली तेथील बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले पहिले रॅपगीत. परंतु त्याच्या कंपनीने प्रसृत केलेल्या चरित्रात मायामीच्या खडतर रस्त्यांवरील बालपण रंगविलेले होते, आणि वृत्तपत्रांनी शोध घेतला तेव्हा तो टेक्सासमधील डॅलसच्या उपनगरात शिकलेला निघाला. पहिल्याच प्रश्नावर साक्ष फुटली, आणि त्याचे नाव पुढे कित्येक वर्षे थट्टेचा विषय होऊन राहिले. रिक रॉस या गायकाने तर कोकेनच्या एका कुख्यात व्यापाऱ्याचे नावच धारण केले होते. २००८ साली असे उघडकीस आले की हा गृहस्थ पूर्वी फ्लोरिडात तुरुंगरक्षकाच्या नोकरीत होता. कैद्याची कैफियत पहारेकऱ्याने मांडावी, याहून मोठा विपर्यास कोणता? तरीही पुढल्याच वर्षी त्याचा नवा गीतसंग्रह विक्रीत अव्वल ठरला. उलटपक्षी ५० सेंट या गायकाने २००० साली खरोखरच नऊ गोळ्या अंगावर घेतल्या होत्या, आणि २००३ साली त्याचा पहिला मोठा संग्रह विकला गेला तो त्या व्रणांच्या कीर्तीसह. तिघांचे दाखले शेजारी ठेवले म्हणजे एवढे स्पष्ट होते की बाजाराला खरे आणि खोटे दोन्ही सारख्याच सुखाने विकता येते. त्याला हवा असतो तो खरेपणाचा आभास. म्हणून खपाच्या आकड्यांवरून कोणाचाही खरेपणा सिद्ध होत नाही, आणि हेही विसरता कामा नये की त्याच आकड्यांवरून त्याचा खोटेपणाही सिद्ध होत नाही.

आपल्याकडे रॅपचा प्रवेश झाला तो गल्लीतून नव्हे, कॅसेट कंपनीच्या दारातून. लखनौचा, अभियांत्रिकी शिकलेला बाबा सेहगल याचे ‘ठंडा ठंडा पानी’ १९९२ साली देशभर गाजले, आणि त्याची चाल होती त्याच व्हॅनिला आइसच्या गीताची. गंमत अशी की सेहगलवर खोटेपणाचा आरोप कोणी केला नाही. कारण त्याने खरेपणाचा दावाच केला नव्हता, तो लोकांना हसवायला आला होता आणि हसवून गेला. त्यानंतरच्या काळात हनी सिंग, बादशाह आदींनी जे हिंदी-पंजाबी रॅप लोकप्रिय केले, त्याचा विषय गाडी, मद्य आणि मेजवानी हा असल्यामुळे तेथेही साक्षीचा प्रश्न फारसा उद्भवला नाही.

तो उद्भवला मुंबईत. अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगर भागात आजीच्या छत्राखाली वाढलेला विवियन फर्नांडिस ऊर्फ डिव्हाइन, आणि कुर्ला पश्चिमेचा नावेद शेख ऊर्फ नेझी, या दोघांनी रॅपला मुंबईच्या गल्लीतील हिंदीत आणून बसविले. डिव्हाइनने प्रारंभी इंग्रजीत लिहून पाहिले, मग २०१३ साली ‘ये मेरा बॉम्बे’ केले. नेझीने वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर ताल उतरवून घेतला, त्यावर आवाज भरला, त्याच यंत्रावर चित्रण केले आणि २०१४ च्या प्रारंभी ‘आफत’ प्रसिद्ध केले. २०१५ साली दोघांनी मिळून केलेले ‘मेरे गली में’ सोनी म्युझिकने प्रसृत केले, आणि येथे गल्लीची गाठ बाजाराशी अधिकृतपणे पडली. या कथेत एक उपकथा दडलेली आहे. डिव्हाइनला रॅपची ओळख झाली ती शाळेतील एका मित्राच्या अंगातील, ५० सेंटचे चित्र छापलेल्या टी-शर्टमुळे. म्हणजे ज्या गल्लीला आपण बाजारापूर्वीची समजतो, तिच्यात बाजार कपड्यावर छापून आधीच येऊन बसलेला होता. तसेच, झोपडवस्तीतल्या मुलाच्या हाती आयपॅड कसा, असे विचारणारे शंकेखोरही पुष्कळ भेटतात; त्यांना एवढेच सांगावे की गल्ली म्हणजे सरसकट दारिद्र्य नव्हे, तेथेही परदेशी नोकऱ्या असतात, हप्त्यावर घेतलेल्या वस्तू असतात आणि मुलाच्या हट्टापुढे नमणारे बाप असतात.

झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रदर्शित झाला, आणि या दोघांच्या आयुष्यावर सैलपणे बेतलेली ती कथा फिल्मफेअरची १३ पारितोषिके मिळवून गेली. नायक रणवीर सिंग कोणत्याही गल्लीतला नव्हता, पण त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही, तो नट आहे. विचार करण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. खऱ्या दोघांपैकी एक जे. बी. नगरचा आणि दुसरा कुर्ल्याचा असताना चित्रपटातील नायक राहतो तो धारावीत. कारण जगाला मुंबईची झोपडपट्टी म्हणून एकच नाव ठाऊक आहे. साक्षीदाराचा पत्ताच बदलला गेला! बाजार जेव्हा गल्लीला सनद देतो तेव्हा तो गल्लीचा तपशील असा पुसून टाकतो, आणि त्यानंतर आलेल्या शेकडो पोरांना त्या पुसलेल्या नकाशावरून आपली गल्ली सिद्ध करावी लागते. त्याच वर्षी न्यूयॉर्कचा ख्यातनाम रॅपकार नास याच्या ‘मास अपील’ या संस्थेची भारतीय शाखा निघाली आणि डिव्हाइन तिचा पहिला गायक झाला. नेझी मात्र कीर्तीच्या ऐन शिखरावर काही काळ गायनापासून दूरच राहिला.

पुण्याच्या ताडीवाला रोडवरील अल्ताफ शेख ऊर्फ एमसी स्टॅन याचा दाखला याहून बिकट. जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस उपायुक्त यांच्या दफ्तरातला ‘तडीपार’ हा शब्द त्याने २०२० साली आपल्या गीतसंग्रहाचे नाव म्हणून घेतला, ‘शेमडी’सारखा पुण्याच्या वस्तीतला शब्द देशाच्या तोंडी बसविला, आणि १२ फेब्रुवारी २०२३ रोजी हिंदी ‘बिग बॉस’चे सोळावे पर्व जिंकून ३१ लाख ८० हजारांचे पारितोषिक पटकावले. त्याच्या गळ्यातल्या हाराची आणि ८० हजारांच्या बुटांची चर्चा त्याच्या गाण्यांहून अधिक झाली. सुशिक्षित टीकाकारांना हे संपत्तिप्रदर्शन गल्लीशी केलेला द्रोह वाटला. पण ज्याने अभाव पाहिला तो मिळालेले झाकून ठेवील, ही अपेक्षा मध्यमवर्गीय संस्कारांची आहे, गल्लीची नव्हे. साधेपणा हा गुण ज्याला साधेपणा आणि संपन्नता यांत निवड करण्याची मुभा आहे त्याच्या घरी वाढतो. स्टॅनच्या बुटांवरून त्याची परीक्षा करणारे चुकीच्या कागदावर बोट ठेवतात.

महाराष्ट्राच्या पूर्वपरंपरेकडे पाहिले तर ही परीक्षा किती निराळ्या रीतीने घेता येते, ते ध्यानात येते. सोलापूरच्या वैदिक ब्राह्मण घराण्यातील रामजोशी तमाशाच्या फडात उतरले आणि लावणीकार झाले. रेठरे हरणाक्षच्या कुलकर्णी घराण्यातील श्रीधर कृष्णाजी यांनी वतन, घर आणि जात यांवर पाणी सोडले, पवळा या नर्तकीसह फड गाजविला आणि पठ्ठे बापूराव या नावाने विपन्नावस्थेत देह ठेवला. जन्माचा दाखला पाहिला तर दोघेही ‘बाहेरचे’. पण त्यांनी मोजलेली किंमत इतकी जबर की फडाने त्यांच्याकडे दाखला मागितला नाही. उलट वाटेगावात १९२० साली जन्मलेले, मुंबईत घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून लिहिणारे अण्णाभाऊ साठे यांना जन्म, भोग आणि वस्तीची साक्ष ही तिन्ही लाभली होती. लाभला नाही तो पैसा. नामदेव ढसाळांच्या १९७२ सालच्या ‘गोलपिठा’ला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना लागली, ती ढसाळांना आधार हवा म्हणून नव्हे, पांढरपेशा वाचकाला त्या जगात पाऊल टाकण्यासाठी ओळखीचा माणूस हवा होता म्हणून. जन्म, भोग आणि मोजलेली किंमत, यांपैकी किंमत हा घटक आमच्या लोकांनी सर्वांत वरचा मानला, असे या परंपरेवरून दिसते.

खरेपणा तपासणे म्हणजे काय, हे नंदुरबारकरांइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? २०११ च्या जनगणनेनुसार ज्या जिल्ह्यात शेकडा ६९ लोक अनुसूचित जमातींचे आहेत, तेथे जमातीच्या दाखल्यांची पडताळणी करणारी समिती बसते, आणि ‘बोगस’ हा शब्द घराघरांत परिचित आहे. या पडताळणीत अर्जदाराला चालीरीती, देवदेवता, बोली, लग्नविधी यांविषयी प्रश्न विचारण्याची आप्तभाव चाचणी असते. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ रोजी असा निर्वाळा दिला की ही चाचणी निर्णायक कसोटी मानता येणार नाही. कारण स्थलांतर, शिक्षण आणि इतर समाजांशी संपर्क यांमुळे खऱ्या माणसाच्याही अंगावरच्या खुणा पुसट होऊ शकतात. त्याऐवजी अधिक वजन दिले जाते ते संविधानपूर्व काळातील कागदपत्रांना, कारण त्या काळी खोटे लिहून घेण्यात कोणाचा लाभ नव्हता.

न्यायशास्त्राचा हा विवेक रॅपच्या वादाला जसाच्या तसा लागू पडतो. गायक आज कोणत्या इमारतीत राहतो, कोणते बूट घालतो, अजून गल्लीच्या ढंगाने चालतो की नाही, ही सगळी आप्तभाव चाचणी झाली. ती खऱ्याला नापास करते आणि घोकून आलेल्या बोगसाला उत्तीर्ण करते. पाहावयाचे ते बाजारपूर्व दस्तऐवज. २०१३-१४ साली गल्लीच्या हिंदीत रॅप लिहून कोणी श्रीमंत होईल अशी कल्पनाही कोणास नव्हती. त्या वेळी ‘ये मेरा बॉम्बे’ आणि ‘आफत’ करणाऱ्यांना खोटे बोलण्याचे प्रयोजन नव्हते. म्हणून त्या दोघांची साक्ष ग्राह्य धरली पाहिजे. ‘गली बॉय’नंतर गल्लीचा भाव वधारला, तेव्हापासून पुढल्या प्रत्येक साक्षीदाराची तपासणी अधिक कसून करावी लागते, यात त्यांचा अपमान नाही, भाव वधारलेल्या मालाची पारख नेहमी कसूनच होते.

पहिल्या दोन प्रश्नांची वासलात अशी लागते. तिसऱ्या प्रश्नासाठी आपल्या सातपुड्याकडे वळावे. अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या होळीला जे बावा-बुध्या अंगावर ठिपके रेखून, कमरेला घुंगरू व भोपळे बांधून रात्रभर नाचतात, त्यांना आदिवासी म्हणून जन्मल्यामुळे तो मान आपोआप मिळत नाही. होळीपूर्वी काही दिवस व्रतस्थ राहून, पथ्ये पाळूनच त्या साजाचा अधिकार घ्यावा लागतो, आणि हे पालन ज्याने त्याने ज्या त्या वर्षी नव्याने करावयाचे असते. गेल्या वर्षीचे व्रत यंदा चालत नाही. गल्लीच्या वटीचेही असेच आहे. शहादा तालुक्याचे भिल्ल कवी आणि श्रमिक संघटनेच्या चळवळीतील कार्यकर्ते वाहरू सोनवणे यांनी ‘स्टेज’ या कवितेत ज्या विसंगतीवर बोट ठेवले, ती हीच: ज्यांचे दुःख ते खाली बसलेले, आणि मंचावर चढलेले लोक ते दुःख त्यांनाच समजावून सांगत आहेत. रॅपचा गायक खालून उठून मंचावर गेला, हे त्याचे यश. मंचावरून तो खाली बसलेल्यांना पाहू शकतो काय, ही त्याची परीक्षा.

काहींनी ती दिली आहे. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटाने २०१९ साली ‘द वारली रिव्होल्ट’ केले, तेव्हा आरेच्या जंगलातील वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज त्या गाण्यात घेतला. स्वतः वारली असल्याचे सोंग न घेता ज्याचे जंगल त्याला मंचावर बोलाविले. एप्रिल २०२३ मध्ये राजकीय सत्तांतरावर व जनतेच्या हलाखीवर रॅप लिहिल्याबद्दल राज मुंगासे याच्यावर अंबरनाथ येथे आणि उमेश खाडे याच्यावर मुंबईत गुन्हे नोंदविले गेले. गाण्यातल्या पोलिसांची गाठ प्रत्यक्षात पडली, आणि वस्तीच्या वतीने बोलण्याचे मूल्य त्यांना चुकवावे लागले. त्यांचा खप फार मोठा नसेल, परंतु त्यांच्या जबानीची उलटतपासणी करण्याची आवश्यकता कोणास भासली नाही.

तेव्हा निकाल द्यावयाचा तो असा. व्यापारी यश मिळालेल्या रॅपकारांपैकी डिव्हाइन, नेझी आणि स्टॅन यांच्यापाशी गल्लीची वट होती, ती कंपन्यांनी घडविलेली नव्हती, आणि पैशाने ती मागाहून रद्दही झाली नाही. मात्र होती म्हणजे आहे असे नव्हे. वट ही वतनासारखी वंशपरंपरा चालणारी वस्तू नाही, तिचे नूतनीकरण करावे लागते, आणि ते बुटांवर वा पत्त्यावर अवलंबून नसून पुढची गाणी कोणाला उत्तरदायी आहेत यावर अवलंबून असते. जो जुन्या गरिबीचीच साक्ष पुनःपुन्हा विकतो त्याची साक्ष खोटी नसते, शिळी असते. जो आपल्या आजच्या श्रीमंतीचे, एकटेपणाचे आणि अपराधभावाचे खरे बोलतो तो गल्लीतून बाहेर पडूनही साक्षीदार राहतो.

आपल्या जिल्ह्यातील ज्या मुलांना या मार्गाने जावेसे वाटते, त्यांना एक विनंती आहे. धडगावच्या मुलाने कुर्ल्याची शिवी उसनी घेऊन रॅप केले तर तो व्हॅनिला आइसच होईल, मग त्याचे घर कितीही गरीब असो. तुमच्यापाशी भिलोरी आहे, पावरी आहे, मावची आहे, अहिराणी आहे. ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या गाड्या आहेत, सरदार सरोवराने बाधित झालेली अक्कलकुवा-अक्राणीची ३३ गावे आहेत, वनहक्काच्या दाव्यांची वर्षानुवर्षे फिरणारी कागदपत्रे आहेत. यावर आज लिहाल तर त्याला बाजारभाव नाही. आणि नेमक्या याच कारणासाठी ते आज लिहून, आवाजात भरून, तारीख घालून ठेवा.